निंबोळीची पेंड आणि मिरचीच्या मुळावरची गाठ

१/
धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा हे गाव लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी साऱ्या खानदेशात ओळखले जाते. या मिरचीच्या शेतात कधीकधी एक कोडे उभे राहते. जमिनीत ओल आहे, खत वेळेवर दिले आहे, पानांवर कीड नाही. तरीही भर दुपारी झाडे माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा सावरतात. झाड उपटून पाहिले की उलगडा होतो. मुळांवर लहानमोठ्या गाठींची माळ असते.

२/
या गाठींमागचा जीव म्हणजे सूत्रकृमी. मातीत फिरणारे त्याचे पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. वनस्पतींतील द्रव्यांनी त्याला आवर घालण्याचा इतिहास हा दोन ज्ञानांच्या उशिरा झालेल्या भेटीचा इतिहास आहे. शेतकऱ्याला कडुनिंब ठाऊक होता, सूत्रकृमी ठाऊक नव्हता. प्रयोगशाळेला सूत्रकृमी ठाऊक होता, कडुनिंबाचे मोल ठाऊक नव्हते. या दोघांची गाठ पडेपर्यंत शेतीने आणि शेतात राबणाऱ्यांनी मोठी किंमत मोजली.

३/
प्रथम शत्रूची ओळख. मेलॉइडोगायनी कुळातील या सूत्रकृमीचे पिल्लू मुळाच्या कोवळ्या टोकातून आत शिरते, एका जागी ठाण मांडते आणि आपल्या स्रावाने भोवतालच्या काही पेशींना अवाढव्य फुगवते. या पेशी मग झाडाचे अन्न त्यालाच पुरवू लागतात. मादी एका चिकट पिशवीत शेकडो अंडी घालते. उष्ण हवेत ही सारी फेरी सुमारे चार आठवड्यांत पूर्ण होते. म्हणजे मिरचीच्या एकाच हंगामात अनेक पिढ्या, आणि प्रत्येक पिढीगणिक मुळांच्या पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या अधिकाधिक तुंबलेल्या.

४/
पिकांवर जगणारा सूत्रकृमी प्रथम दिसला तो १७४३ मध्ये. टर्बरव्हिल नीडहॅम यांनी गव्हाचे काळवंडलेले, आकसलेले दाणे फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा आत वळवळणारे तंतू आढळले. मुळांवरच्या गाठींचा शोध त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लागला. १८५५ मध्ये इंग्लंडमधील माइल्स बर्कली यांनी काचगृहातील काकडीच्या मुळांवर त्या नोंदवल्या. भारतात १९०१ मध्ये सी. ए. बार्बर यांनी निलगिरी भागातील देवाला येथील चहाच्या मळ्यात हाच रोग असल्याचे दाखवले.

५/
तरीही हे शास्त्र शेतापर्यंत पोहोचायला आणखी काही दशके जावी लागली. मुळांवर गाठी करणाऱ्या या सूत्रकृमींच्या निरनिराळ्या जाती बी. जी. चिटवुड यांनी १९४९ मध्ये वेगळ्या केल्या. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत सूत्रकृमिशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९६६ मध्ये सुरू झाला. अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९७७ चा. पुढे राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ त्याचे एक केंद्र झाले. धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात.

६/
मग त्याआधी खानदेशातला शेतकरी काय करीत होता? पांझरा नदीच्या काठी शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बंधाऱ्याच्या पाण्याखालील जमिनीचे मोठे भाग, म्हणजे फड, पाडले जात. एका फडात सर्वांनी एकाच प्रकारचे पीक घ्यायचे आणि वर्षागणिक फडांची पिके बदलायची. पाण्याची पाळी पाटकरी सांभाळत. हा सारा हिशेब पाण्याच्या न्याय्य वाटपासाठी होता. परंतु त्यातून आपोआप फेरपालट घडत असे, आणि ठरावीक यजमान पिकांवर पोसणाऱ्या सूत्रकृमीची साखळी तुटायला फेरपालटाइतका जुना उपाय दुसरा नाही.

७/
कडुनिंबाचेही तसेच. धान्याच्या कणगीत निंबाचा पाला घालणे, गुढीपाडव्याला तो खाणे, तेल काढून उरलेली कडू पेंड खत म्हणून शेतात टाकणे, या रीती महाराष्ट्रभर रुळलेल्या होत्या. ही पेंड जनावरे खात नाहीत. सरकीच्या ढेपेला गोठ्यात जागा होती, निंबोळीच्या पेंडीला फक्त मातीत. ती मातीत गेल्यावर पीक सुधारते, एवढा अनुभव होता. त्या सुधारणेत खताचा वाटा किती आणि मुळे खाणाऱ्या अदृश्य जीवाच्या नाशाचा वाटा किती, हे वेगळे करून पाहण्याचे साधन मात्र त्या अनुभवापाशी नव्हते.

८/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतीचे वेळापत्रक बदलले. विहिरीवर विजेचा पंप बसला, पुढे ठिबक आले, आणि एकाच जमिनीत बारा महिने भाजीपाला शक्य झाला. मिरची निघाली की टोमॅटो, टोमॅटोनंतर वांगी, कुठे पपई. ही सारी पिके या सूत्रकृमीची आवडती यजमान आहेत. पूर्वी उन्हाळ्यात जमीन तापत असे, तेव्हा तो उपाशी मरत असे. आता त्याला अन्नही मिळाले आणि ओलही. शिवाय दूषित रोपवाटिकेतील रोपांच्या मुळांतून तो एका शेतातून दुसऱ्या शेतात जाऊ लागला.

९/
जगाने या संकटावर प्रथम रसायनांतून उत्तर शोधले. १९४३ मध्ये हवाई बेटांवर वॉल्टर कार्टर यांनी अननसाच्या शेतात डी-डी नावाचे मिश्रण वापरून पाहिले. पेट्रोलियम उद्योगात हाती येणारे हे स्वस्त द्रव्य जमिनीत सोडताच पीक उसळून आले. सूत्रकृमींमुळे किती उत्पन्न बुडत होते, हे शेतकऱ्यांना त्या दिवशी प्रथमच डोळ्यांनी दिसले. सूत्रकृमिशास्त्राला प्रतिष्ठा मिळाली ती याच यशामुळे. त्याच यशाने पुढची तीस वर्षे इतर वाटा झाकोळून टाकल्या.

१०/
१९५० च्या दशकाच्या मध्यावर डीबीसीपी हे नवे द्रव्य बाजारात आले. नेमागॉन या नावाने ते जगभर विकले गेले. उभ्या पिकाला इजा न करता जमिनीत सोडता येत असल्याने केळी, द्राक्षे आणि फळबागांसाठी ते वरदान ठरले. १९६१ मध्ये ते बनवणाऱ्या कंपन्यांच्याच प्राण्यांवरील चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंदरांचे वृषण आक्रसत असल्याचे त्यांत स्पष्ट नोंदले होते. विक्री चालूच राहिली.

११/
१९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील कारखान्यातल्या कामगारांच्या लक्षात आले की आपल्यापैकी अनेकांना मुले होत नाहीत. तपासणीत कित्येकांच्या वीर्यात शुक्रजंतू अत्यल्प किंवा शून्य आढळले. कारण होते डीबीसीपी. अमेरिकेने १९७९ पर्यंत त्याचा बहुतेक वापर थांबवला. मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांत ते त्यानंतरही वापरले गेले आणि तेथील हजारो मजुरांनी पुढे दशकानुदशके न्यायालयांत दाद मागितली. केळीची मुळे वाचली, मजुरांचे वंश खुंटले.

१२/
भारतात डीबीसीपीवर बंदी आली ती १९८९ मध्ये. तोवर दाणेदार सूत्रकृमिनाशकांचे युग सुरू झाले होते. त्यांपैकी अल्डिकार्ब हे अत्यंत जहाल द्रव्य. भोपाळच्या ज्या कारखान्यातून २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, तेथे तो साठवलेला होता मुख्यतः सेव्हिन या कीटकनाशकासाठी. परंतु अल्डिकार्बही त्याच वायूपासून तयार होत असे. अल्डिकार्बवर भारतात २००१ मध्ये बंदी आली.

१३/
खानदेशातल्या शेतकऱ्याला ही नावे परकी नव्हती. 'फ्युराडान' आणि 'थिमेट' हे शब्द कृषी सेवा केंद्रांतून थेट गावच्या बोलीत उतरले. थिमेट म्हणजे फोरेट. २०१८ च्या केंद्रीय आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्याचा वापर बंद झाला. एकेक दाणेदार औषध असे मागे पडत गेले, तसा एक जुना प्रश्न नव्याने पुढे आला: मातीत सूत्रकृमीला आवर घालणारे दुसरे काही आहे का?

१४/
त्याची उत्तरे एव्हाना दोन दिशांनी तयार झाली होती. पहिली दिशा झेंडूची. झेंडूच्या मुळांत सूत्रकृमी वाढत नाहीत, हे निरीक्षण १९३८ च्या सुमारास अमेरिकेत नोंदले गेले. पुढे नेदरलँड्समध्ये झेंडूनंतर घेतलेल्या पिकात सूत्रकृमी घटल्याचे आढळले. १९५८ मध्ये उलेनब्रूक आणि बेलो या डच रसायनशास्त्रज्ञांनी झेंडूच्या मुळांतून त्यामागचे द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव अल्फा-टरथायेनिल. हाच रेणू १९४७ मध्ये झेंडूच्या पाकळ्यांतूनही मिळाला होता. पण तेव्हा त्याचा हा गुण कोणाला ठाऊक नव्हता.

१५/
येथे एक योगायोग नोंदण्याजोगा आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली, झेंडूही तिथलाच. दोघेही पोर्तुगीजांच्या काळात समुद्रमार्गे भारतात आले. मिरची स्वयंपाकघरात गेली आणि झेंडू दसऱ्याच्या तोरणात. मिरचीला ग्रासणाऱ्या शत्रूवरचा उतारा तिच्या मायभूमीच्या सोबत्याच्या मुळांत आहे, हे कळायला पुढे साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली. तोपर्यंत खानदेशात एका बांधावर मिरची आणि दुसऱ्या बांधाशी झेंडू अशी शेते असतील, तरी त्या शेजाराचा अर्थ लागलेला नव्हता.

१६/
झेंडूची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. त्याचे द्रव्य जिवंत मुळांत काम करते. वाळलेली फुले किंवा पाला शेतात टाकून तो परिणाम मिळत नाही. मिरचीच्या सरीत मधूनच चार झाडे लावण्यापेक्षा तीन-चार महिने झेंडूचे सलग पीक घेणे अधिक परिणामकारक ठरते. झेंडूची जात कोणती आणि जमिनीतला सूत्रकृमी कोणता, यावरही निकाल बदलतो. मात्र या उपायात शेतकऱ्याचे उत्पन्न बुडत नाही. फुले दसरा-दिवाळीच्या बाजारात जातात, तोपर्यंत मुळांनी आपले काम केलेले असते.

१७/
दुसरी दिशा कडुनिंबाची. १९४२ मध्ये सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी निंबोळीच्या तेलातून निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन ही कडू द्रव्ये वेगळी केली. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली, तेव्हा हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले की सारा पाला फस्त झाला, पण कडुनिंबाची झाडे हिरवी उभी होती. १९६२ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत प्रधान, जोतवानी आणि राय यांनी निंबोळीच्या गराचे विरळ पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत, हे प्रयोगाने सिद्ध केले.

१८/
१९६८ मध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी या गुणामागचे मुख्य द्रव्य शोधले: अझाडिरॅक्टिन. हा रेणू इतका गुंतागुंतीचा की त्याची नेमकी रचना उलगडायला १९८० च्या दशकाचा मध्य उजाडला. प्रयोगशाळेत तो पूर्णपणे बनवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला २२ वर्षे लागली. ते काम २००७ मध्ये तडीस गेले. बांधावरचे निंबाचे झाड हे काम दर उन्हाळ्यात करत होते.

१९/
टोळापासून सूत्रकृमीकडे वळण दिले ते पेंडीने. कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांमुळे मुळांवरच्या गाठी कमी होतात, हे एम. बी. लिनफर्ड यांनी हवाईत १९३७ मध्येच दाखवले होते. पण डी-डीच्या झगमगाटात ते मागे पडले. १९६६ मध्ये पंतनगरच्या आर. एस. सिंग आणि के. सीतारामय्या यांनी निंबोळीसह निरनिराळ्या पेंडी मिसळलेल्या जमिनीत भेंडी व टोमॅटो लावून गाठी घटल्याचे नोंदवले. अलीगढ मुस्लीम विद्यापीठात अब्रार खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम पुढे नेले. घाणीतल्या टाकाऊ पेंडीची आणि सूत्रकृमीची शास्त्राच्या नोंदवहीत अखेर भेट झाली.

२०/
पेंड एकाच मार्गाने काम करत नाही. तिच्यातील अझाडिरॅक्टिन, निंबिन आणि सॅलनिन ही द्रव्ये पिल्लांची हालचाल व अंडी उबणे रोखतात. ती कुजताना अमोनिया आणि आम्ले सुटतात, तीही सूत्रकृमीला घातक असतात. कुजलेल्या पेंडीवर मातीतील बुरशी व जिवाणू वाढतात आणि त्यांतले काही सूत्रकृमीची अंडी खातात. शिवाय नत्र मिळून मुळे जोमाने फुटतात. म्हणूनच ट्रायकोडर्मासारख्या उपयुक्त बुरशी पेंडीत मुरवून शेतात देण्याची पद्धत पुढे रूढ झाली. विष एकच घाव घालते. पेंड मातीची वस्तीच बदलते.

२१/
महाराष्ट्रात हा विषय लावून धरणाऱ्यांत सी. एम. केतकर यांचे नाव महत्त्वाचे आहे. अखाद्य तेलांपासून साबण करण्याचा कार्यक्रम खादी आणि ग्रामोद्योग आयोग राबवत होता. त्यात तेल साबणाला गेले की पेंड उरे. कडुनिंब आणि त्याच्या उपपदार्थांचा शेतीत कसा उपयोग होतो, यावरील केतकरांचा तपशीलवार अहवाल आयोगाने १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. रसायनांच्या भरभराटीच्या काळात निंबोळीला अर्थशास्त्राच्या भाषेत मांडण्याचा तो प्रयत्न होता.

२२/
मग मालकीचा वाद उभा राहिला. १९९४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने अमेरिकी कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना निंबतेलाच्या एका अर्काने पिकांवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे पेटंट दिले. हे पेटंट बुरशीविषयी होते, सूत्रकृमीविषयी नव्हे. परंतु प्रश्न मूलभूत होता. निंबाचे ज्ञान नेमके कोणाचे? १९९५ मध्ये वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आलवूट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी त्याला आव्हान दिले.

२३/
या लढ्यात निर्णायक ठरला तो महाराष्ट्रातील पुरावा. केवळ 'आमच्याकडे पूर्वापार आहे' एवढ्याने पेटंट रद्द होत नाही. आधीच्या वापराची तारीखवार साक्ष लागते. अभय फडके यांच्या साक्षीतून समोर आले की अशाच निंब-अर्काच्या शेतचाचण्या १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत झाल्या होत्या. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि मार्च २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले गेले. परंपरेला न्यायालयात उभे राहायला नोंदवहीचा आधार लागला, हा या निकालाचा धडा.

२४/
आज दुकानात अझाडिरॅक्टिनच्या १५०० किंवा १०,००० पीपीएमच्या बाटल्या मिळतात. घरी पाच टक्के निंबोळी अर्क करणारेही आहेत. परंतु फवारा पानावरच्या किडीसाठी असतो. मुळाशी असलेल्या सूत्रकृमीसाठी द्रव्य मातीत पोहोचावे लागते. तेथे अझाडिरॅक्टिन लवकर विघटित होते. म्हणून पेंड पुरेशा मात्रेत लागते, आणि पुरेशी मात्रा म्हणजे मोठ्या शेताला टनांचा हिशेब. पेंडीत निंबोळी किती आणि भेसळ किती, हाही प्रश्न असतोच. निंबोळी गळते ती नेमकी पेरणीच्या धांदलीत, जून-जुलैमध्ये; तेव्हा ती वेचायला गावात हात मोकळे नसतात.

२५/
यामुळे वनस्पतिजन्य उपायांचे सर्वांत मोठे यश दिसते ते लहान जागेत, म्हणजे गादीवाफ्यावर. मे महिन्यातले खानदेशचे ऊन, त्यात ओलावून पारदर्शक प्लास्टिकने झाकलेला वाफा, नंतर त्यात मिसळलेली निंबोळी पेंड, आणि मग मिरचीचे बी. थोड्या पेंडीत हजारो रोपे स्वच्छ मुळांनी शेतात जातात. मुख्य शेतात झेंडूची किंवा यजमान नसलेल्या पिकाची फेरपालट. यातला कोणताही उपाय सूत्रकृमी समूळ नष्ट करत नाही. तो त्यांची संख्या पिकाला सोसवेल इतकी खाली ठेवतो.

२६/
'समूळ नाश' हे वचन नेमागॉनने दिले होते, आणि त्याची किंमत मजुरांच्या पिढीने चुकवली. कडुनिंब आणि झेंडू तसले वचन देत नाहीत. त्यांना वेळ लागतो, नियोजन लागते आणि रोप लावण्याआधीच मुळाकडे पाहण्याची सवय लागते. दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीची पारख रंगावर आणि तिखटपणावर होते. त्या मिरचीचे भवितव्य मात्र काही महिने आधी, एखाद्या वाफ्यातले रोप उपटून त्याच्या पांढऱ्या मुळांवर गाठ आहे की नाही हे कोणी पाहिले का, तिथेच ठरून गेलेले असते.